संमोहन, प्रार्थना आणि ध्यान : एका जाग्या माणसाचे टिपण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो. तास सुरू होताना ते टेबलावरची पितळी घंटा एकदाच वाजवीत आणि म्हणत, "नाद संपला की बोट वर करा." पन्नास मुलांची बोटे एकाच वेळी कधीही वर आली नाहीत. कोणाला नाद लवकर संपल्यासारखा वाटे, तर कोणी उगीच कान टवकारून बसे. पण बाहेर सायकलरिक्षांच्या घंटा खणखणत असतानाही वर्ग निवांत झालेला असे, आणि मग व्याकरणासारखा रुक्ष विषयही आमच्या डोक्यात शिरे.

पुढे मी संतसाहित्यातील मनाच्या कल्पनेवर प्रबंध लिहिला, पीएच.डी. मिळविली, तीस वर्षे ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय शिकविला. आणि २०११ साली पत्नी निवर्तली तेव्हा माझी झोप गेली. रात्री तीन वाजता छताकडे पाहत पडलेल्या माणसाला त्याचा प्रबंध उपयोगी पडत नाही, हे मला त्या वर्षी कळले. आजचा विषय मी निवडला तो विद्वत्तेच्या अधिकाराने नव्हे, त्या रात्रींच्या अधिकाराने.

प्रथम संमोहनाविषयी. या शब्दाने आपल्याला जादूगाराचे प्रयोग आठवतात. त्यामुळे सुशिक्षित माणूस त्यापासून चार हात दूर राहतो. इतिहास मात्र वेगळा आहे. १८४५ साली बंगालमध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने एका कैद्याला मोहनिद्रेत नेऊन त्याच्यावर शस्त्रक्रिया केली, आणि नंतर अशा अनेक केल्या. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात त्याला या कामासाठी स्वतंत्र इस्पितळ मिळाले. परंतु १८४७ च्या अखेरीस क्लोरोफॉर्म आला आणि मोहनिद्रा मागे पडली. गंमत अशी की, त्या क्लोरोफॉर्मची निर्धोकता तपासण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली जे दोन आयोग बसले, ते आपल्या हैदराबादेत, निजाम सरकारच्या आश्रयाने! भूल देणाऱ्या औषधाच्या इतिहासात या शहराचे नाव कायमचे आहे; औषधावाचून भूल देणाऱ्याला मात्र लोक विसरले.

मोहनिद्रेत एका माणसाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात काही अदृश्य प्रवाह जातो, अशी तेव्हा समजूत होती. मँचेस्टरचे जेम्स ब्रेड यांनी १८४३ मध्ये ती नाकारली. नजर एका बिंदूवर खिळविली आणि चित्त एका कल्पनेवर स्थिरावले की ही अवस्था येते, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे किमया संमोहकाच्या डोळ्यांत नाही, रोग्याच्या अवधानात आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ साली आणि अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेने १९५८ साली उपचाराचे एक साधन म्हणून संमोहनाचा स्वीकार केला.

मला ज्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविले गेले, त्यांनी आधी तपासणी केली, औषध दिले आणि मग भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहावयास सांगितले. संथ आवाजात ते वीसपासून उलटे अंक मोजीत. मी बेशुद्ध झालो नाही. खालच्या रस्त्यावरून जाणारा भाजीवाला मला ऐकू येत होता, फक्त त्याच्याशी माझा काही संबंध उरला नव्हता. महिनाभर बरी झोप लागली. पुढे ते गृहस्थ म्हणाले, "सर, आता हे अंक तुम्हीच मोजायचे." तेथे मी अडखळलो. दुसऱ्याच्या आवाजावर विसावण्याची मला चटक लागली होती.

प्रार्थनेकडे मी वळलो तो श्रद्धेने नव्हे, सवयीने. लहानपणी दिवेलागणीला म्हटलेले मनाचे श्लोक ओठांवर आले. दोनशेपाच श्लोक, एकच भुजंगप्रयात वृत्त. वर्गात मी त्यांतील नीतिबोध शिकवीत आलो. रात्री मात्र लक्षात आले ते त्यांचे चालणे. प्रत्येक चरणात बारा अक्षरे, ठरलेल्या जागी लघू, ठरलेल्या जागी गुरू. मोठ्याने म्हणताना श्वास आपोआप लांबतो. आणखी एक गोष्ट अशी की, हे श्लोक मनाला उद्देशून आहेत. रामदासांनी त्याला दटावण्याआधी आदराने हाक मारली आहे. इटलीतील संशोधकांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तेवीस निरोगी व्यक्तींवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. लॅटिन जपमाळ म्हणताना किंवा बौद्ध मंत्र जपताना श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ होतो, असे त्यांना आढळले. मी हे उर्दूच्या एका निवृत्त प्राध्यापक मित्राला सांगितले. तो हसून म्हणाला, "अरे, नमाजात आधी गुडघे वाकतात, मन मागाहून वाकते."

परंतु प्रार्थनेचीही एक अडचण आहे. मागणे आले की मन पुन्हा उधळते. मी पत्नीसाठी काही मागू लागलो आणि ते मागण्याची वेळ टळून गेली आहे, हे आठवून उठून बसलो.

म्हणून २०१२ साली नागार्जुनसागर रस्त्यावरील धम्मखेत्त या विपश्यना केंद्रात दहा दिवस राहिलो. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली मुंबईत भारतातील आपले पहिले शिबिर घेतले. १९७६ मध्ये इगतपुरीला आणि आपल्या हैदराबादेत अशी केंद्रे उभी राहिली. पहाटे चारला घंटा, दिवसभर बैठक, नऊ दिवस मौन. लिहिणे-वाचणे बंद! प्राध्यापकाला उपाशी ठेवले तरी चालेल, पण त्याच्या हातचे पेन काढून घेणे म्हणजे कठीणच. पहिले तीन दिवस केवळ नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास पाहावयाचा. मोजणे नाही, नाम नाही, मूर्ती नाही, कोणाचा धीर देणारा आवाज नाही. चौथ्या दिवशी शरीरभर संवेदना पाहू लागलो तेव्हा छातीत दाटलेले दुःख अक्षरशः एक दाब म्हणून जाणवले, आणि तो दाब कमीजास्त होत होता. वर्षभर मी त्याला अचल समजत होतो.

ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात ध्यानासाठी जी जागा वर्णिली आहे, ती अशी की अश्रद्ध वाटसरूलाही तेथे बसून राहावेसे वाटावे. मी हे वर्णन काव्यालंकार म्हणून शिकविले होते. आता वाटते की ती एका अनुभवी साधकाची व्यावहारिक सूचना असावी. जागा अनुकूल असली की निम्मी झुंज टळते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. सात दिवसांत मनःशांतीची हमी देणाऱ्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. माझ्याच शिबिरात एक तरुण पाचव्या दिवशी फार अस्वस्थ होऊन घरी गेला, आणि त्याचे जाणे योग्यच होते. गंभीर मनोविकार असलेल्याने वैद्यकीय सल्ल्यावाचून दीर्घ मौनात बसू नये. माझे औषधही डॉक्टरांच्याच सांगण्यावरून हळूहळू कमी झाले. ध्यानाने ते सुटले, असे मी म्हणणार नाही.

या तिन्ही वाटांवर करावयाचे काम एकच आहे : भरकटलेले अवधान न रागावता पुन्हा आणून बसविणे. भेद आहे तो त्याला आणतो कोण यात. संमोहनात दुसऱ्याचा शब्द आणतो, प्रार्थनेत ज्याच्यावर भार टाकला तो आणतो, ध्यानात आपण स्वतः. यांत उच्चनीच लावण्याची आपल्याकडे फार हौस आहे. मला विचाराल तर, शोकाच्या पहिल्या महिन्यात "स्वतःच श्वास पाहा" असे कोणी सांगितले असते, तर मी त्याला दारातूनच परत पाठविले असते. तेव्हा मला आवाजच हवा होता.

शाळेला एवढीच विनंती करतो की, मुलांना रोज पाच मिनिटे शांत बसू द्यावे, आणि कृपा करून त्याला गुण देऊ नयेत, स्पर्धा ठेवू नये. गुरुजींनी कोणाचे बोट आधी वर आले, याची नोंद कधी ठेवली नाही.

माझ्याविषयी विचाराल, तर अजूनही काही रात्री जागाच असतो. कधी श्वासाकडे पाहतो, कधी भुजंगप्रयात म्हणतो. कधी दोन्हीही जमत नाही. मग सज्जात खुर्ची टाकतो आणि पहाटेची अजान ऐकून दूधवाल्यासाठी दार उघडतो.