पांढरा अ‍ॅस्टर ओळखायचा कसा?

आजचा भाग छोटा आहे, पण ऐकाच.

गेल्या गणपतीत आई आमच्याकडे न्यू जर्सीला होती. घरामागच्या झाडीतून तिने ओंजळभर पांढरी रानफुलं आणली. पूजा झाली, आणि तिने निर्माल्य उचललं. म्हणाली, "शेजारच्यांच्या बकऱ्यांना घालून येते." आपल्याकडची सवय! शेजारीणबाईंनी कुंपणापाशीच तिचा हात धरला. कारण त्या ओंजळीत दोन वेगळी झाडं होती.

एक होतं व्हाइट वुड अ‍ॅस्टर. आपल्या शेवंतीच्या कुळातलं. मेनपासून जॉर्जियापर्यंत, अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पट्ट्यात ते मुबलक आहे. ओक-मेपलच्या सावलीत, कोरड्या जमिनीवर, पायवाटांच्या कडेला ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलतं. कॅनडात मात्र दुर्मीळ, तिथे ते संकटग्रस्त मानलं जातं. जुन्या पुस्तकांत शोधाल तर 'अ‍ॅस्टर डिव्हॅरिकेटस' सापडेल. आता शास्त्रीय नाव 'युरिबिया डिव्हॅरिकेटा' आहे.

दुसरं होतं व्हाइट स्नेकरूट. तेही पांढरं, तीच झाडी, तोच मोसम. पण विषारी. हे खाल्लेल्या गाईचं दूध पिऊन पूर्वी इथे माणसं दगावायची. १८१८ मध्ये अब्राहम लिंकनची आई गेली ती याच 'मिल्क सिकनेस'ने, असं मानतात. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. बकऱ्यांनाही हे विष बाधतं.

मग ओळखायचं कसं? पानाच्या आकारावर जाऊ नका. दोघांची पानं दातेरी, बुडाशी रुंद. आधी पानं देठावर कशी लागलीत ते बघा. अ‍ॅस्टरची एकाआड एक, आणि खोड थोडं नागमोडी. स्नेकरूटची समोरासमोर, जोडीने.

मग फूल. अ‍ॅस्टरला पाच ते दहा सुट्या पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळी चकती, जी नंतर लालसर-जांभळी होते. स्नेकरूटला पाकळ्याच दिसत नाहीत, नुसते कापसासारखे पांढरे झुबके.

आई दुसऱ्या दिवशी चष्मा लावून परत झाडीत गेली. प्रत्येक फांदी उलटीपालटी करून, पानं बघून मगच हात लावत होती. निर्माल्य मात्र त्यानंतर थेट कचऱ्याच्या पिशवीत, बांधून.

तुमच्या घरामागे कुठलं आहे? बघा, आणि फोटो पाठवा. भेटू पुढच्या भागात!