कॅमेऱ्याला प्रमाणपत्र, शिडीवरच्याला नाही

महाडच्या बाजारपेठेत सराफाच्या दारात एजन्सीचा रखवालदार उभा करायचा असेल, तर कायदा त्याच्याकडून बरेच काही मागतो. खासगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम, २००५ आणि केंद्राचे आदर्श नियम यांनुसार त्याला वर्गात १०० तास आणि प्रत्यक्ष जागेवर ६० तास असे १६० तासांचे प्रशिक्षण लागते. तेही किमान २० कामाच्या दिवसांत. माजी सैनिकाला तासांत सूट आहे, पण चारित्र्य पडताळणी त्यालाही चुकत नाही. मग एका दुपारी त्याच दुकानात एक तरुण शिडी घेऊन येतो. तिजोरीसमोर कॅमेरा लावतो, मागच्या दाराचे कुलूप कुठले ते पाहतो, यंत्राचा पासवर्ड स्वतःच्या मोबाइलवर ठेवतो आणि चहा पिऊन जातो. त्याने कुठे काय शिकले आहे, हे कायदा विचारत नाही. सराफही विचारत नाही. तो फक्त विचारतो, ‘एका कॅमेऱ्याचे किती?’

या दुर्लक्षाला अपवाद आहेत, आणि ते शेजारच्याच कामांत आहेत. घरात वायरिंग करणाऱ्याला वायरमनचा परवाना लागतो. आगीची सूचना देणारी यंत्रणा महाराष्ट्रात कोणीही बसवू शकत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ते काम अग्निशमन संचालकांचा परवाना असलेल्या एजन्सीचे, आणि यंत्रणा चालू आहे असे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र इमारतमालकाने दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते. आता तर खुद्द कॅमेऱ्यालाही परीक्षा आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या अटी घातल्या, आणि ९ एप्रिल २०२५ पासून प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय नवा कॅमेरा विकता येत नाही. म्हणजे तारा जोडणारा तपासलेला, धुराचा डिटेक्टर बसवणारा तपासलेला, कॅमेरा तपासलेला. राहिला तो शिडीवरचा.

त्याच्यासाठी काहीच सोय नाही, असे मात्र नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा जाहीर केला. तेव्हा त्यात दहा स्तर होते. २०२३ च्या सुधारणेनंतर आठ झाले आणि मधे साडेतीन, साडेचार असे अर्धे स्तर आले. इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने ‘सीसीटीव्ही इन्स्टॉलेशन टेक्निशियन’ हे काम चौथ्या स्तरावर ठेवले. अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे. सक्ती नाही, त्यामुळे मागणीही नाही.

हे स्तर म्हणजे शाळेच्या इयत्ता नव्हेत. मूळ आराखडा वाचला तर दिसते की, एका पायरीवरून दुसरीवर जाताना मुख्यतः जबाबदारी बदलते. तिसऱ्या स्तरावरचा माणूस दुसऱ्याच्या नजरेखाली काम करतो. चौथ्यावरचा स्वतःच्या कामाला स्वतः जबाबदार असतो. पाचव्यावरच्याला दुसऱ्यांच्या कामाचीही थोडी जबाबदारी घ्यावी लागते. कागदावर हे कोरडे वाटते, पण एका बिघाडावरून चटकन कळते.

दिवसभर उत्तम चालणारा कॅमेरा संध्याकाळी सातला बंद पडतो, चालू होतो, पुन्हा बंद पडतो. ही तक्रार महाडपासून बिरवाडीपर्यंत कोणत्याही दुकानदाराला ओळखीची असेल. तिसऱ्या पायरीवरचा मुलगा येऊन कॅमेरा बदलतो. दोन दिवसांनी नवाही तेच करतो. चौथ्या पायरीवरचा मीटर काढतो आणि कॅमेऱ्याच्या टोकाला व्होल्टेज मोजतो, तेही अंधार पडल्यावर. कारण रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त करंट ओढतो आणि लांब, स्वस्त केबलमध्ये व्होल्टेज गळते. केबल तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची निघते. पाचव्या पायरीवरच्या माणसाने ही वेळच येऊ दिली नसती. नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर, हे धरून त्याने स्विच कुठे बसवायचा ते आधीच ठरवले असते आणि कोटेशनमध्ये केबलचा प्रकार लिहिला असता. काम तिघांनीही केले; ग्राहकाचे पैसे मात्र तीन वेगवेगळ्या वेगांनी गेले.

दुसरे उदाहरण शाळांचे. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर राज्य सरकारने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासन निर्णय काढला आणि शाळांना महिन्याभरात कॅमेरे बसवायला सांगितले. महिन्याची मुदत म्हटल्यावर गावोगाव शिड्या लागल्या. आता साधा हिशोब करावा. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या दराने चित्रण साठवत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा खातो. आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला १७३ जीबी होतात. चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमध्ये एक टीबीची डिस्क टाकली असेल, तर सहाव्या दिवशी यंत्र जुने चित्रण पुसू लागते. लहान मूल घरी काही सांगायला आठवडा लावते, पालक शाळेत यायला आणखी दोन दिवस लावतात. तोवर पडद्यावर सगळे काही हलते-बोलते दिसत असते आणि हवे ते चित्रण केव्हाच गेलेले असते. तीस दिवस ठेवायचे तर पाच टीबीहून जास्त जागा लागते. हा गुणाकार सातवीच्या मुलालाही जमेल; तो मांडायचा असतो, हे मात्र शिकवावे लागते.

पोलीस ठाण्यांचा हिशोब याहून मोठा आहे. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी देशातल्या प्रत्येक ठाण्यात आवाजासह आणि रात्रीही दिसेल असे चित्रण करणारे कॅमेरे लावायला सांगितले. चित्रण अठरा महिने ठेवायचे, आणि तशी सोय बाजारात मिळत नसेल तरी किमान एक वर्ष. कॅमेरे चालू आहेत की नाहीत याची जबाबदारी ठाणेदारावर. वरच्याच दराने एका कॅमेऱ्याचे अठरा महिने म्हणजे सुमारे पावणेबारा टीबी. ठाणेदाराने हे गणित कोणाकडून करून घ्यायचे, हे निकालपत्र सांगत नाही.

चित्रण राहिले तरी ते न्यायालयात टिकले पाहिजे. यातला देशातला महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातलाच, जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे असे की, २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत संपल्यावर खोतकरांचा अर्ज स्वीकारला गेला, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत ते दिसते. चित्रणाच्या सीडी मिळाल्या. त्या खऱ्या असल्याचे पुरावा कायद्यातल्या कलम ६५ ब चे प्रमाणपत्र मात्र अधिकाऱ्यांनी दिले नाही. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ जुलै २०२० च्या निकालाने सांगितले की, मूळ यंत्रच न्यायालयात आणले नसेल तर हे प्रमाणपत्र आवश्यक आहे. सगळ्या वादाच्या मुळाशी होती घड्याळातली काही मिनिटे. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहावे लागते. गावातल्या किती डीव्हीआरचे घड्याळ बरोबर आहे, हे व्यापाऱ्यांनी आज घरी जाताना पाहावे. वीज गेली आणि आतली बटण-बॅटरी संपली असेल, तर यंत्र भलतीच तारीख दाखवत असते.

महाड एमआयडीसीत हा प्रश्न पैशांचा किंवा पुराव्याचा राहत नाही. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी तिथल्या एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार गेले. त्या दुर्घटनेचा कॅमेऱ्यांशी संबंध जोडण्याचा इथे हेतू नाही. पण सॉल्व्हंट वापरणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाला आपण कुठल्या हवेत उभे आहोत, हे कळले पाहिजे. ज्वालाग्राही वाफ कायम असते तो झोन शून्य, अधूनमधून असते तो एक, क्वचित असते तो दोन. झोन एक आणि दोनमधला कॅमेरा आणि जंक्शन बॉक्स सहसा फ्लेमप्रूफ असतो, आणि त्याला नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची, म्हणजे ‘पेसो’ची, मान्यता लागते. फ्लेमप्रूफचा अर्थ असा की, आत ठिणगी पडून स्फोट झाला तरी ज्वाला बाहेर येत नाही. झाकणाच्या घासून नेमक्या केलेल्या कडांमधून वायू थंड होत बाहेर पडतो. आता कोणी घाईत आठापैकी दोन बोल्ट खिशात टाकले, साधा ग्लँड बसवला किंवा न वापरलेले भोक उघडे ठेवले, तर नागपूरच्या शिक्क्यासह तो बॉक्स साध्या पत्र्याच्या डब्याच्या लायकीचा होतो. बाहेरून काही फरक दिसत नाही. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा तेलफलाटावर १९८८ मध्ये १६७ माणसे गेली. पुढच्या दशकात ब्रिटनमध्ये अशा जागी काम करणाऱ्यांची ‘कॉम्पेक्स’ ही व्यक्तिगत परीक्षा रुळली, आणि आज तेल-वायू क्षेत्रात जगभर ती मागितली जाते.

बाहेरच्या देशांनी सक्तीपेक्षा गरजेचा वापर जास्त केला आहे. ब्रिटनमध्ये चोरीच्या अलार्मवर पोलीस हवे असतील, तर तो मान्यताप्राप्त तपासणी संस्थेने प्रमाणित केलेल्या कंपनीनेच बसवलेला हवा. खोटे अलार्म मर्यादेबाहेर गेले की पोलीस येणे बंद. अमेरिकेत फायर अलार्म तंत्रज्ञांसाठी ‘नायसेट’चे चार स्तर आहेत. नुसती लेखी परीक्षा देऊन वर चढता येत नाही, साहेबाची सही असलेला कामाचा अनुभव दाखवावा लागतो.

आता आपल्या पावसाकडे वळू. कोणत्याही दिल्लीकर अभ्यासक्रमात नसलेला धडा महाडच्या तंत्रज्ञांनी जुलै २०२१ च्या पुरात शिकला. सावित्री आणि गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तळमजले बुडाले आणि गल्ल्याखाली ठेवलेल्या डीव्हीआर त्यांच्याबरोबर गेल्या. जाणता माणूस आता यंत्र माळ्यावर ठेवतो, केबल कॅमेऱ्यात शिरण्याआधी तिला खाली वळसा देतो म्हणजे पाणी तिथून गळून पडते, आणि पावसाळ्यापूर्वी अर्थिंग तपासतो. कोकण रेल्वेने माणगाव–वीर दरम्यान काळ नदीवर आणि वीर–सापे वामने दरम्यान सावित्रीवर पूरसूचक यंत्रणा लावली आहे. पोलादपूरच्या पुढे कशेडीचे बोगदे आहेत. पोलाद, पाणी आणि पाऊस यांत वर्षानुवर्षे टिकणाऱ्या सेन्सरची देखभाल करणारे हात महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांना पुढे लागतच राहणार आहेत.

पोलादपूरच्या वाड्यांची गोष्ट निराळी. घर बंद, माणसे मुंबईत, आणि पडवीत सिमकार्डचा कॅमेरा. गणपतीला येईपर्यंत घर मोबाइलवर पाहायचे. पण कॅमेरा बसवताना तो अनेकदा तंत्रज्ञाच्याच मोबाइल नंबरवर नोंदवला जातो आणि मालकाला नुसते ‘शेअर’ केले जाते. खरी किल्ली कोणाकडे, हे मालकाला ठाऊकच नसते. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्यातून आलेल्या न बदललेल्या पासवर्डांच्या जोरावर ताब्यात घेतले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या स्त्रियांचे चित्रण बाहेर विकले गेल्याचे उघड झाले, आणि तिथेही पासवर्डाचीच ढिलाई निघाली. पासवर्ड बदलायला अर्धा मिनिट लागतो.

मग उद्यापासून सगळ्यांना परवान्याची सक्ती करावी का? घाईने तसे केले, तर परवान्यांची दुकाने निघतील. क्षेत्र कौशल्य परिषदांच्या कारभारावर शारदा प्रसाद समितीने याआधीच ताशेरे ओढले आहेत. शिवाय दहा-बारा वर्षे शिडीवर काढलेल्या माणसाला पुन्हा वर्गात बसवणे हा त्याचा अपमान आहे. त्यासाठी पूर्वकौशल्य मान्यतेचा मार्ग आहे: थोडी उजळणी, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र. महाड-पोलादपूरच्या आयटीआय आणि लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ एवढ्या जवळ असताना ही परीक्षा इथे, मराठीत आणि फळ्याऐवजी खऱ्या शिडीवर घेता येईल. सुरुवात सार्वजनिक पैशांपासून व्हावी: शाळा, ठाणी, नगरपरिषद, आणि धोकादायक रसायनांचे कारखाने.

तोवर कोटेशन मागणाऱ्याने कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात. काम कोण करणार आणि त्याचे प्रमाणपत्र कुठल्या स्तराचे. चित्रण किती दिवस राहील, आकडेमोडीसह. केबल कुठली. आणि काम संपल्यावर ॲडमिन पासवर्ड व नोंदणी मालकाच्या नंबरवर, तंत्रज्ञाच्या मोबाइलवरून काढून टाकल्याच्या सहीसह. चौथी अट वाचल्यावर जो भाव वाढवून सांगेल, त्याला वाढीचे कारण तिथेच विचारावे.