सायकल मुलीच्या मापाची हवी
(शिक्षक व पंचायत सदस्यांसाठी भाषण)

अर्धापूर हा नांदेड जिल्ह्यातील केळी आणि हळदीचा मुलूख. अशा भागात वाडी-वस्तीवरील मुलीचे शिक्षण पुष्कळदा शाळेच्या अंतरावर अडते. २०११ मध्ये राज्यातील १२५ तालुक्यांत विस्तारलेल्या मानव विकास कार्यक्रमात, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू विद्यार्थिनींसाठी सायकलीची तरतूद झाली, ती याच जाणिवेतून.

परंतु सायकल दारी आली म्हणजे काम संपले असे नव्हे. वाढत्या अंगाचे कपडे घ्यावेत तशी मोठी सायकल घेण्याकडे, किंवा घरातील इतरांनाही चालेल अशी उंच सायकल निवडण्याकडे पालकांचा कल असतो. मग मुलीचे पाय जमिनीला टेकत नाहीत, ती पडते. उलट सीट फार खाली असली तर गुडघे दुमडलेले राहतात, लवकर थकतात व दुखू लागतात. दोष अंतराला दिला जातो आणि सायकल भिंतीला टेकते.

माप पाहणे अवघड नाही. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत आणि दांडा अंगाला लागता कामा नये. सांगाड्याची उंची पुढे बदलता येत नाही. म्हणून ही परीक्षा खरेदीपूर्वीच करावी.

सीटची उंची मात्र पान्याने बदलता येते. मुलीने सीटवर बसून सर्वांत खालच्या पायडलवर टाच ठेवली असता पाय जवळजवळ सरळ व्हावा. चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहील. कंबर दोन्ही बाजूंना हेलकावत असेल तर सीट उंच आहे असे समजावे. शिकाऊ मुलीसाठी प्रारंभी ती थोडी खाली ठेवून सराव होताच वर घ्यावी. सीटच्या नळीवर मर्यादेची खूण असते. त्या खुणेपलीकडे नळी वर काढू नये. हँडल धरताना कोपरे थोडी सैल असावीत व बोटे ब्रेकपर्यंत सहज पोचावीत.

आठवी ते बारावी हे मुलींच्या वाढीचे वय. एकदा बसविलेली सीट पाच वर्षे तशीच ठेवून चालणार नाही. प्रत्येक शाळेने एक पाना ठेवून दर वर्षी जून महिन्यात सायकलींची तपासणी करावी; पंचायतीने गावातील सायकल दुरुस्ती करणाऱ्यास त्या दिवशी शाळेत बोलवावे. काही मिनिटांच्या या कामावर एखाद्या मुलीचे शाळेत टिकणे अवलंबून असू शकते.