संत योहान बॉस्को आणि आपल्या देवळाचें अंगण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत मुख्य धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव म्हटला म्हणजे आपण काय काय उभारलें याची मोजदाद होणें स्वाभाविक आहे. ती आज सकाळपासून पुष्कळ झाली. आतां घटकाभर मी आपणांस अशा एका संताकडे नेतों, कीं ज्यांच्या विशाल कार्याचा आरंभ इमारतीनें झाला नाहीं, तर एका घाबरलेल्या मुलाला मागें बोलावल्यानें झाला.

ते संत म्हणजे संत योहान बॉस्को. इटलींत धर्मगुरूंच्या नांवापूर्वीं ‘डॉन’ ही आदरार्थी पदवी लावतात. म्हणून जग त्यांना डॉन बॉस्को या नांवानें ओळखतें. १६ ऑगस्ट १८१५ रोजीं तुरीन शहरापासून कांहीं अंतरावरील बेक्की या खेड्यांत, गरीब शेतकऱ्याच्या घरीं त्यांचा जन्म झाला. त्यांना दोन वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं तोंच वडील वारले. आई मार्गारीता हिनें कष्टानें मुलांना वाढविलें. ५ जून १८४१ रोजीं योहानांना गुरुदीक्षा मिळाली.

त्याच वर्षीं ८ डिसेंबर रोजीं, अमलोद्भव मरीयेच्या सणाच्या दिवशीं, तुरीन येथील संत फ्रान्सिस असीसीकरांच्या देवळांत ते मिस्साबलिदानाची तयारी करीत होते. तेथें बार्तोलोमेव गारेल्ली नांवाचा एक मुलगा येऊन उभा राहिला. मिस्साची सेवा करण्यास येत नाहीं, एवढ्याच कारणावरून देवळाच्या सेवकानें त्याला मारून हांकलून दिलें. डॉन बॉस्कोंनीं त्याला परत बोलावयास लावलें. कां, तर तो आपला मित्र आहे म्हणून! वास्तविक त्यांनीं त्या मुलाला पूर्वीं कधीं पाहिलेंही नव्हतें.

मिस्सानंतर त्यांनीं त्याची विचारपूस केली. मुलगा गवंडीकाम करणारा. आईबाप नाहींत, वाचतां येत नाहीं, लहान मुलांबरोबर धर्मशिक्षणाला बसावयाची लाज वाटते. तेव्हां, असें सांगतात, कीं त्यांनीं त्याला शीळ घालतां येते काय, असें विचारलें. आणि तो मुलगा हंसला. मग एक ‘नमो मरीया’ म्हणून त्यांनीं त्याला क्रुसाची खूण शिकविली. पुढच्या रविवारीं तो आपले सोबती घेऊन आला.

त्या काळीं खेड्यापाड्यांतून कामासाठीं शहरांत आलेलीं असलीं मुलें पुष्कळ होतीं. कांहीं तर तुरुंगांत पडलीं होतीं. तीं डॉन बॉस्कोंनीं स्वतः तेथें जाऊन पाहिलीं होतीं. परंतु मुलें जमलीं म्हणजे गलबला होणारच. शेजाऱ्यांनीं तक्रारी केल्या, आणि या मेळ्याला एका जागेवरून दुसऱ्या जागीं हिंडावें लागलें. अखेर १८४६ सालीं ईस्टरच्या दिवशीं वाल्दोक्को येथील एक साधी पडवी त्यांना आसरा म्हणून मिळाली. त्याच वर्षीं आई मार्गारीता गांव सोडून या मुलांची आई होण्यास आली. तिला लिहितांवाचतां येत नव्हतें. तिनें आपल्या लग्नाचीं वस्त्रें व दागिने मुलांसाठीं खर्चीं घातले, आणि १८५६ सालीं मरेपर्यंत त्यांचे कपडे शिवले व अन्न रांधलें.

डॉन बॉस्कोंची सेवा केवळ प्रार्थनेपुरती नव्हती. १८५२ सालच्या एका करारनाम्यांत एका सुतारानें आपल्या उमेदवाराला फक्त शब्दानें समज द्यावी, मारूं नये, आणि सणावारीं त्याला मोकळीक द्यावी, अशा अटी आहेत. समंजसपणा, धर्म व प्रेमळपणा या तीन खांबांवर त्यांची शिक्षणपद्धति उभी आहे. १८८४ सालीं रोमहून लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं तिचें मर्म सांगितलें: मुलांवर आपलें प्रेम असून भागत नाहीं, तें प्रेम मुलांना जाणवलें पाहिजे.

१८५९ सालीं सलेशियन संघ व १८७२ सालीं संत मारीया माझ्झारेल्लो यांच्यासह भगिनींचा संघ त्यांनीं स्थापिला. ३१ जानेवारी १८८८ रोजीं ते प्रभूकडे गेले, आणि १ एप्रिल १९३४ रोजीं, ईस्टरच्याच दिवशीं, पोप अकरावे पायस यांनीं त्यांना संतपद दिलें. त्यांचे धर्मबंधु १९०६ सालीं तंजावरास आले व पुढें आपल्या मुंबईंतही.

आतां मला एक गोष्ट कबूल करावयाची आहे. दोन वर्षांपूर्वीं चेंडू लागून आपल्या देवळाच्या खिडकीची कांच फुटली. कांहींनीं तक्रार केली, आणि मीं अंगणाला कुलूप घातलें. कांच शाबूत राहिली. मुलें मात्र गेलीं. आज तीं रविवारीं नाक्यावर उभीं असतात, आणि आपण म्हणतों, ‘हल्लींचीं पोरें देवळांत येत नाहींत!’ मारणारा हात तो त्या सेवकाचा होता. कुलूप लावणारा हात माझा होता. दोहोंत अंतर फारसें नाहीं.

तें कुलूप मीं आज सकाळीं काढलें आहे. पण उघडें दार म्हणजे प्रेम नव्हे. त्या अंगणांत दर रविवारीं सायंकाळीं कोणी वडीलधारें माणूस बसलें पाहिजे. विद्वान नव्हे, मुलांचीं नांवें ठाऊक असणारें. पहिल्या रविवारीं मी बसेन. दुसऱ्या रविवारीं कोण बसणार? ज्यांच्या हाताखालीं उमेदवार मुलें आहेत त्यांनीं तो करारनामाही मनांत धरावा. माता मार्गारीतेसारख्या स्त्रिया आपल्या धर्मग्रामांत नाहींत, असें मला मुळींच वाटत नाहीं.

कांच पुन्हां फुटेल, ती बसवूं. संत योहान बॉस्को आपणांसाठीं विनंती करोत, आणि दारांतून परतलेलें प्रत्येक मूल मागें बोलाविण्याची बुद्धि प्रभु आपणांस देवो. आमेन.