दगड, दूध आणि चारची मॅच

(दहावी 1987 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'फुटबॉल : काल आणि आज'. सोबत एक ताकीदही दिली आहे. "तालमीचं नाव काढायचं नाही. जेवणं व्हायची आहेत अजून." कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायचं आणि तालमीचं नाव काढायचं नाही, म्हणजे मिसळीत कट घालायचा नाही असं झालं. तरी प्रयत्न करतो. माझी तालीम कुठली हे निम्म्या सभागृहाला माहीत आहे, उरलेल्या निम्म्यानं विचारू नये.

आपल्यातले बरेच जण तीस-पस्तीस वर्षं पुण्या-मुंबईला, काही जण परदेशात आहेत. त्यांची मुलंही आज आली आहेत. त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बाहेर क्लब म्हटलं की कंपनी, मालक, कोट्यवधी रुपये डोळ्यांसमोर येतात. आपल्याकडे कितीतरी संघांच्या नावात आजही 'तालीम मंडळ' आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही सगळी तालीम मंडळं. लाल मातीत कुस्ती करणाऱ्या पोरांनीच संध्याकाळी चेंडू लाथाडायला सुरुवात केली आणि पेठेची इभ्रत आखाड्यातून शाहू स्टेडियमवर आली. त्यामुळे इथं संघ निवडायचा प्रश्नच नव्हता. ज्या गल्लीत पाळणा हलला, तो आपला संघ. आडनाव मिळतं तसा तो मिळायचा.

माझ्या वडिलांचंही तसंच होतं. ते डोक्याला टोपी घालून मॅचला जायचे. जर्सी, झेंडा, तोंडाला रंग, असलं काही नाही. दोनची मॅच असली तर बाराला जेवून बाहेर पडायचे. जिंकले तर येताना गल्लीच्या तोंडापासूनच त्यांचा आवाज यायचा. हरले तर चप्पल काढल्याचासुद्धा आवाज नाही, आणि त्या रात्री आई त्यांच्यासाठी भाकरी थापायची नाही, कारण जेवणार नाहीत हे ठरलेलं.

पण त्यांचा एक रिवाज होता. पलीकडच्या पेठेत त्यांचे एक दोस्त होते, दोघं तालमीत एकत्र जोर मारलेले. मॅच संपली की दोघं गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचे. समोर म्हैस पिळायची आणि फेसाळतं धारोष्ण दूध प्यायचं. नियम एकच, ज्याचा संघ हरला त्यानं दूध पाजायचं. हरलेला जेवणार नाही, पण दुधाचे पैसे देणार.

लहानपणी मी एक-दोनदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. मला वाटायचं, त्या काळी सगळेच असे असतील. तसं नव्हतं. वडिलांच्या कपाळावर, केसांच्या कडेला एक जुनी खोक होती. विचारलं की म्हणायचे, "तालमीतली आहे." ते गेल्यावर आईनं सांगितलं, "तालमीतली कसली? मॅचमधली." तेव्हा 'आमच्या काळी असं नव्हतं' हे वाक्य मी आज वापरणार नाही. ते खरं नाही.

आता आपला काळ. 1986. आपण नुकतेच दहावीत गेलो होतो. मेक्सिकोतला वर्ल्ड कप दूरदर्शनवर, आणि आमच्या गल्लीत टीव्ही दोन. त्यातला एक रंगीत. अंतिम सामना रविवारी, 29 जूनला, आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाला. बाहेर पाऊस, आत एका खोलीत चाळीस माणसं, दारात चपलांचा ढीग. वडील पहिल्यांदाच मॅराडोनाला नीट बघत होते. बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मांडी बघ त्याची. हा गडी कुस्तीत असता तर पाडायला अवघड होता." फुटबॉलसुद्धा त्यांना मातीतूनच दिसायचा.

दुसऱ्या दिवशी सोमवार, पहिला तास बीजगणिताचा. सगळ्या वर्गाचे डोळे लाल. सरांनी विचारलं, "रात्री मॅच कुणी बघितली?" एक हात वर नाही. सर फळ्याकडे वळले, खडू घेतला आणि सहज विचारावं तसं म्हणाले, "अर्जेंटिना दोन-शून्यनं पुढं. जर्मनीनं दोन्ही गोल फेडले. तेव्हा किती मिनिटं उरली होती?" मागच्या बाकावरून आवाज आला, "दहाच, सर!" तो आवाज माझा होता. माझ्या शेजारच्यानं मला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. सरांनी दोघांनाही उभं केलं. सर, आज आपण पहिल्या रांगेत आहात म्हणून इतक्या वर्षांनी विचारतो, तुमचेही डोळे लालच होते ना?

सर हसताहेत. म्हणजे होते.

तो शेजारचा पलीकडच्या पेठेतला. सहावीपासून एका बाकावर बसलो, डबा एक, सायकल एक. फक्त सिझन सुरू झाला की आम्ही दोन देश व्हायचो. त्याचं नाव आज घेत नाही. तोही सभागृहात आहे आणि घेऊ नको म्हणाला आहे.

1989 ची गोष्ट. आम्ही दोघंही कॉलेजात. आमच्या आणि त्यांच्या संघाची मॅच होती. शाहू स्टेडियम खच्चून भरलेलं, हलगी कडाडत होती, दोन गॅलऱ्या एकमेकींवर धावून जातील असं वाटत होतं. पंचांनी आमच्याविरुद्ध एक निर्णय दिला. बरोबर होता की चूक, आता सांगता येत नाही. पाच मिनिटांत दगड सुरू झाले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मीही एक उचलला आणि फेकला.

संध्याकाळी कळलं की माझ्या मित्राच्या भुवईवर दगड बसलाय. चार टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. रात्री मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं मला चहा दिला. आईच म्हणाली, "बघ की रे, कुणी मेल्यानं केलं." मी म्हणालो, "व्हय मावशी, लई वाईट झालं." आणि चहा प्यायलो.

तो दगड माझा होता की नाही, शपथेवर सांगता येणार नाही. त्या दिवशी शंभर दगड उडाले असतील. पण माझा त्याच दिशेला गेला होता, आणि तो गेल्यावर त्या बाजूला गर्दी फाकलेली मी पाहिली होती. पस्तीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही.

मधल्या काळात खूप काही बदललं. पूर्वी एका पेठेचा खेळाडू दुसऱ्या पेठेकडून खेळला, तर त्याच्या घरच्यांनी मान खाली घालायची. आता आपल्या संघांत नायजेरियाहून आलेले खेळाडू खेळून गेले. आमच्या तालमीतला एक जण पहिल्या दिवशी पांढरा रस्सा दूध समजून प्यायला आणि तिसऱ्या दिवसापासून तांबडा मागायला लागला. आमच्या गल्लीतले एक म्हातारे, ज्यांनी आयुष्यभर शेजारच्या पेठेतल्या पोराला 'बाहेरचा' म्हटलं, ते याला 'आमचं पोरगं' म्हणायचे. मला त्याचं हसूही आलं आणि बरंही वाटलं. 'आपला' या शब्दाची वेस इतकी ताणता येते, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

2017 मध्ये भारतात सतरा वर्षांखालील वर्ल्ड कप झाला आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. भारत तिन्ही मॅच हरला. पण दिल्लीत तो मैदानात उतरला, त्या संध्याकाळी त्याची पेठ कुठली हे आमच्या चौकात कुणी विचारलं नाही.

आणि माझी लेक. मैत्रिणींनो, आपल्या वर्गातली एकही मुलगी तेव्हा शाहू स्टेडियमच्या पायऱ्या चढल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला कुणी अडवलं नव्हतं आणि कुणी बोलावलंही नव्हतं. पुढं एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये उतरला, हे मला लेकीनं सांगितलं. ती स्वतः शाळेत डाव्या बगलेवर खेळली. ती बार्सिलोनाची कट्टर. पहाटेपर्यंत मोबाईल घेऊन, कानात बोंडं घालून, एकटी जागायची. मला राग यायचा. मॅच अशी एकट्यानं बघायची असते का? एकदा रागानं तिच्या खोलीत गेलो, तर ती एकटी नव्हतीच. केरळमधली एक मुलगी, कोलकात्याचा एक मुलगा आणि आणखी कुणीकुणी, सगळे फोनवर एकमेकांशी भांडत मॅच बघत होते. आमच्या त्या चाळीस माणसांच्या खोलीसारखंच. फक्त दारात चपला नव्हत्या.

2021 मध्ये मेस्सीनं बार्सिलोना सोडलं. दुसऱ्या दिवशी हिनं बार्सिलोनाची जर्सी घडी घालून कपाटात ठेवली. मी म्हटलं, "अगं, संघ बदलतात का? रक्त आहे ते!" ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला संघ गल्लीनं दिला. मी माझा माणूस निवडला. तो जाईल तिथं मी." मला तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही. पण 18 डिसेंबर 2022 च्या रात्री अर्जेंटिना-फ्रान्स सामना तीन-तीन बरोबरीत जाऊन पेनल्टीवर सुटला, तेव्हा आमच्या चौकातल्या मोठ्या पडद्यासमोर ती रडत होती आणि मीही रडत होतो. ती मेस्सीसाठी. मी बहुतेक त्या 1986 च्या खोलीसाठी, आणि मांडी बघणाऱ्या वडिलांसाठी.

तेव्हा कुणाचं प्रेम खरं, त्यांचं की आपलं, हा वाद मी सोडून दिला आहे. मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. निष्ठेचा पत्ता बदलला, पण दगड तिथंच राहिला. आता आपल्या मॅच मोबाईलवर लाइव्ह दिसतात, आणि मॅच संपायच्या आधी शिव्या सुरू होतात. स्टेटस, रील, खुन्नस. रात्री फोनवर पेटलेलं दुसऱ्या दिवशी गॅलरीत उतरतं. आमच्या वेळी मार खाल्ला तर घरी कळू नये एवढीच धडपड असायची. आता कॅमेरे आहेत, गुन्हा दाखल होतो, आणि पोरगं नोकरीला लागताना पोलिसांच्या पडताळणीत अडकतं. माझ्या त्या मित्राच्या पुतण्याचं हेच झालं. पोरगा हुशार, हातातोंडाशी आलेली नोकरी गेली.

हे त्यानं मला मागच्या महिन्यात सांगितलं, याच मेळाव्याच्या बैठकीनंतर. आम्ही दोघं चालत गंगावेशीत गेलो होतो. तो पुतण्याबद्दल बोलत होता आणि मला त्याच्या भुवईवरची ती पांढरी रेघ दिसत होती. मी म्हटलं, "एक सांगायचं आहे. एकोणनव्वदचा तो दगड माझा होता असं मला वाटतं."

त्यानं ग्लास खाली ठेवला. म्हणाला, "मला माहीत होतं, लगा. तू हात मागं नेलेला मी बघितला होता. तुझा नेम पहिल्यापासनं वाईट. तू पंचाला मारत होतास."

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होतो."

थोड्या वेळानं म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? तिथं स्टेजवर सांग. पोरं बसलेली असतील." म्हणून सांगितलं. मित्रा, त्या रात्री तुझ्या आईनं दिलेला चहा मला अजून आठवतो. मावशी आज नाहीत. माफी मागायला मला उशीर झाला.

मग दुधाचे पैसे द्यायची वेळ आली. वडिलांचा नियम होता, हरलेल्यानं द्यायचे. आम्ही दोघं आठवायला लागलो, त्या मॅचमध्ये हरलं कोण होतं? दहा मिनिटं डोकं खाजवलं. निर्णय आठवला, हलगी आठवली, टाके आठवले. स्कोअर दोघांनाही आठवेना. ज्याच्यासाठी डोळा जायची वेळ आली होती, तो स्कोअर. शेवटी पैसे मी दिले.

इथं बसलेल्या मुलामुलींनो, तुम्ही बार्सिलोनाचे व्हा, मेस्सीचे व्हा, नाहीतर आमच्यासारखे गल्लीचे राहा. ओरडा, हलगी वाजवा, घसा बसू द्या. फक्त समोरच्या गॅलरीत तुमच्या बाकावरचा कुणीतरी बसलाय, एवढं हात वर करण्याआधी बघा.

आता शेवटची सूचना, मग जेवायला मोकळे. आमच्या दोघांचं ठरलं आहे. येत्या सिझनला आमच्या दोन संघांची मॅच लागेल त्या दिवशी आपल्या तुकडीतल्या सगळ्यांनी, दोन्हीकडच्यांनी, एकाच गॅलरीत बसायचं. मैत्रिणींनी यायचं, मुलांना आणायचं. सर, तुम्हाला न्यायला मी स्वतः येईन. ज्यांचा संघ हरेल त्यांनी सगळ्यांना दूध पाजायचं.

मॅच चारची असेल. दोनलाच या. नंतर जागा मिळत नाही.