कत्तल आणि काळोख

दिवस मावळला की निपाणीकडच्या एखाद्या कानडी घरातून खेळणाऱ्या मुलाला हाक येते, ‘कत्तलायितु, बा!’ नव्याने आलेल्या मराठी माणसाच्या कानाला ही हाक भीषणच वाटावी. आपल्या मराठीत कत्तल म्हणजे संहार. तो शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. कानडीतला ‘कत्तलु’ किंवा ‘कत्तले’ मात्र अस्सल द्राविड कुळातला, आणि त्याचा अर्थ एवढाच की अंधार. ती आई फक्त म्हणत असते, ‘अंधार पडला, ये!’ दोन्ही शब्दांचे साम्य केवळ ध्वनीचे आहे. तरीही मोहरमची कत्तलची रात्र आली, की त्याच नावात मराठी माणसाला करबलाचे रक्त दिसते आणि कानडी माणसाला काळोखाचीही चाहूल लागते. (निवडणुकीच्या आदल्या रात्रीलाही आपण तेच नाव देतो, तेथे दोन्ही अर्थ चालावेत!)

काळोखाला नाव देण्याच्या रीती मोठ्या मौजेच्या आहेत. ‘अंधार’ हा संस्कृत ‘अंधकारा’चा वंशज, अंधकार म्हणजे आंधळे करणारा. ‘काळोख’ शब्दात काळा रंग उघड दिसतो. ‘किर्र’ अंधारात तर डोळ्यांचे काही चालतच नाही. तेथे रातकिड्यांचा आवाजच काळोखाचे विशेषण होऊन बसला आहे. तमिळमध्ये ‘इरुळ’ म्हणजे अंधार, तर कानडीत ‘इरुळु’ म्हणजे रात्र. संस्कृत ‘तमस्’चे नातलग फार दूरवर पसरले आहेत. लिथुआनियात अंधाराला ‘ताम्सा’ म्हणतात आणि लॅटिनमध्ये ‘तेनेब्रे’. आम्हा कॅथलिकांच्या पवित्र आठवड्यात एकेक मेणबत्ती विझवीत जाण्याचा जो जुना विधी होता, त्याचे नावही तेनेब्रेच.

इंग्रजांच्या जुन्या भाषेत अंधाराला ‘मिर्क’ असा एक शब्द होता. पुढे उत्तरेकडून समुद्रमार्गे नॉर्स लोक आले, आधी लुटायला आणि मग वसायला. त्यांच्या बोलीत ‘मिर्क्र’ हा त्याचाच भाऊबंद होता. शेजाऱ्याच्या शब्दाने घरच्या शब्दाला बळ दिले. उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडात ‘मिर्क’ दीर्घकाळ नांदला. प्रमाण इंग्रजीत ‘डार्क’चेच राज्य झाले. आज तेथे ‘मर्की’ हे विशेषण बहुधा गढूळ पाण्याला किंवा संशयास्पद व्यवहाराला लावतात.

हे सांगण्याचे कारण आमच्या वर्गातले आहे. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव-निपाणीचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासून येथे प्रत्येक शब्दाचे गाव विचारले जाते. मुलांच्या निबंधात कानडी शब्द आला की काही पालक अस्वस्थ होतात; कानडी शाळांतही मराठी शब्दाचे स्वागत होतेच असे नाही. मला त्याहून अधिक चिंता वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. विजेच्या दिव्याखाली वाढलेली मुले सरसकट ‘अंधार’ लिहितात. मिट्ट, गुडुप, किर्र हे शब्द त्यांच्या वहीतून नाहीसे होत आहेत, आणि त्यांना कोणी कानड्याने हाकलले नाही. म्हणून एखाद्याने ‘कत्तल पडली’ असे लिहिले, तर मी गुण कापीत नाही. शब्दाखाली रेघ ओढतो आणि समासात विचारतो, ‘कोणती?’