विखुरलेल्या कथांचे जतन
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



विद्यार्थ्यांना पारितोषिके, वसतिगृहाचा निधी, वधूवर-सूचक मंडळाचा अहवाल या नेहमीच्या ज्ञातिकार्याच्या पंक्तीत भुताखेतांच्या, जादूच्या आणि परग्रहांवरील जीवांच्या कथांना पाट कोणी मांडला, असा प्रश्न आपणांपैकी कित्येकांना पडला असेल. तो स्वाभाविकच आहे. परंतु ज्या वाङ्मयाकडे मुले लपूनछपून वळतात आणि ज्याला वडील मंडळी वेळेचा अपव्यय समजतात, ते टिकते कसे व टिकवतो कोण, हा प्रश्न केवळ साहित्यिकांचा नसून तुम्हां-आम्हां कुटुंबवत्सल माणसांचाही आहे, असे माझे नम्र मत आहे.

प्रथम विषयाची मर्यादा सांगतो. विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि भयकथा या तिघी सख्ख्या बहिणी होत. 'असे झाले तर?' हा एकच प्रश्न तिघीही विचारतात. विज्ञानकथा त्याचे उत्तर निसर्गनियमांच्या आधाराने शोधते. अद्भुतकथा त्या नियमांची बंधने सैल करते. आणि भयकथा माणसाच्या मनातील अंधारात उतरते. एकाच कल्पनेवर उभ्या राहणाऱ्या या कथांना लघुकथेचा आटोपशीर घाट विशेष मानवतो. मात्र लघुकथेचे दैव असे की, ती मासिकाच्या पानावर जन्मते आणि बहुधा त्या पानाबरोबरच नाहीशी होते. म्हणून अनेक लेखकांच्या कथा निवडून एका ग्रंथात बांधणारा संकलक हा या वाङ्मयाचा खरा पालक ठरतो.

याचा सर्वांत जुना दाखला आपल्याच गोदातीरीचा आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या गुणाढ्याने पैशाची भाषेत 'बृहत्कथा' रचली. राजाने तिची उपेक्षा केली, तेव्हा गुणाढ्य अरण्यात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत अग्नीत टाकू लागला; सात लक्ष श्लोकांपैकी सहा लक्ष जळाले आणि राजा धावत आला तेव्हा एकच लक्ष उरले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही, हे सत्य उरतेच. तरीही तिच्या कथा आपल्यापर्यंत पोहोचल्या, त्या बुधस्वामी, क्षेमेंद्र आणि सोमदेव यांनी त्या संस्कृतात पुन्हा गुंफल्या म्हणून. अकराव्या शतकात काश्मीरच्या सूर्यमती राणीसाठी सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त १८ लंबक व १२४ तरंग आहेत. त्यांत विद्याधर आहेत, स्मशानातील वेताळाच्या पंचवीस कथा आहेत, आणि यंत्राने चालणाऱ्या लाकडी बाहुल्या व आकाशगामी वाहनेही आहेत. हे प्राचीनांचे विज्ञान होते असे मी म्हणत नाही. ती त्यांची कल्पनाशक्ती होती, आणि तेवढे श्रेय त्यांना पुरेसे आहे.

संकलनाचे दुसरे कार्य म्हणजे नव्या लेखनाला जन्म देणे. १८१२ साली पॅरिसमध्ये जर्मन भुताच्या गोष्टींचा 'फँटास्मागोरियाना' नावाचा फ्रेंच अनुवादसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यानंतर १८१५ साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा उगवलाच नाही. त्या पावसाळी दिवसांत जिनिव्हा सरोवराच्या काठी बायरन, शेली व त्यांची मित्रमंडळी घरात अडकून पडली असता त्यांनी हा संग्रह वाचला, आणि प्रत्येकाने एकेक भूतकथा लिहावी असे बायरनने सुचविले. त्या बैठकीतील अठरा वर्षांच्या मेरीने जी कथा आरंभिली, ती १८१८ साली 'फ्रँकेन्स्टाइन' या नावाने प्रसिद्ध झाली. आधुनिक विज्ञानकथेचा उगम पुष्कळ अभ्यासक या कादंबरीत पाहतात. त्याच बैठकीचे फळ म्हणजे पॉलिडोरी याची 'द व्हँपायर' ही १८१९ची कथा. भुताच्या गोष्टींचा एक संग्रह चार माणसांनी एकत्र बसून वाचला, त्याचा हा परिणाम!

तिसरे कार्य निवडीचे. अमेरिकेत १९२३ साली 'वियर्ड टेल्स' आणि १९२६ साली 'अमेझिंग स्टोरीज' ही मासिके निघाली. त्यांचा कागद इतका हलका की काही वर्षांत पिवळा पडून त्याचा चुरा होई. १९४३ साली डोनाल्ड वॉलहाइम यांनी आणि १९४६ साली हीली व मॅकोमस यांनी अशा मासिकांतून कथा वेचून ग्रंथ सिद्ध केले. पुढे १९७० साली तेथील विज्ञानकथा-लेखकांच्या संस्थेने सभासदांची मते घेऊन २६ जुन्या कथांचा संग्रह रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांच्या संपादनाखाली काढला. आयझॅक ॲसिमॉव्ह यांची 'नाइटफॉल' ही १९४१ची कथा त्यात आहे.

परंतु निवड म्हटली की वगळणेही आले. या ठिकाणी क्षणभर थांबावे, अशी आपणांस विनंती आहे. २००० साली शेरी थॉमस यांनी 'डार्क मॅटर' हा केवळ आफ्रिकी वंशाच्या लेखकांच्या कथांचा संग्रह संपादित केला. जे वस्तुमान असते पण दिसत नाही, त्याचे नाव त्यांनी ग्रंथाला दिले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. त्यात ड्युबॉइस यांची 'द कॉमेट' ही १९२०ची कथा आहे. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क शहर निर्जीव होते. एक काळा निरोप्या आणि एक श्रीमंत गोरी तरुणी आपण दोघेच उरलो असे समजतात, आणि त्या एका दिवसापुरती माणसामाणसांतील प्रतवारी गळून पडते. सायंकाळी तिचे आप्त जिवंत परततात, आणि त्यांच्याबरोबर ती प्रतवारीही परतते. ज्ञातीच्या व्यासपीठावरून ही कथा सांगताना मला संकोच वाटत नाही. आपल्या माणसांचा अभिमान आणि दुसऱ्याच्या माणुसकीचा विसर यांतील अंतर किती थोडे आहे, हे अशी काल्पनिक कथा जितक्या थेटपणे दाखवते, तितके शंभर ठराव दाखवू शकत नाहीत.

आता आपल्या मराठीकडे वळू. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंक हेच आपल्या कथेचे मोठे आश्रयस्थान झाले आहे. अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने तर अद्भुत आणि गूढ यांनाच आपले मानले. नारायण धारपांच्या भयकथा आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा घरोघर वाचल्या गेल्या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. आपल्या नावलौकिकाचा परीक्षकांवर भार पडू नये म्हणून टोपणनाव घेणारे ते लेखक म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. पुढे १९७९ साली त्यांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह निघाला, आणि २०२१च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २०२५ साली ते आपल्यातून गेले. एका संस्थेने एक स्पर्धा जाहीर केली, त्यातून केवढे कार्य उभे राहिले!

नामवंतांचे संग्रह निघतात, त्यांची चिंता नाही. चिंता आहे ती एकदोनच उत्तम कथा लिहून थांबलेल्यांची. कारण त्यांचा स्वतंत्र संग्रह कधीच निघत नाही. त्यांना संकलनावाचून दुसरा आधार नाही. १९९३ साली बाळ फोंडके यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी निरनिराळ्या भारतीय भाषांतील विज्ञानकथा एकत्र केल्या. तसे काम मराठीत वारंवार व्हावयास हवे, आणि त्याची कच्ची सामग्री आपल्या माळ्यांवर पडली आहे.

म्हणून तीन सूचना करून आपली रजा घेतो. पहिली, घर रिकामे करताना जुने दिवाळी अंक रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी चाळावेत, आणि अशा कथांचे नाव, लेखक, अंक व साल एका वहीत उतरवावे. दुसरी, या नोंदी मंडळाकडे द्याव्यात, म्हणजे एक सूची तयार होईल. मात्र कथा छापावयाच्या तर लेखकाची वा त्याच्या वारसांची अनुमती घ्यावी, कारण लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क अबाधित असतो. तिसरी, सूचीत लेखकाची ज्ञाती पाहू नये, कथा पाहावी.

पहिल्या वर्षी पन्नास कथांची नोंद झाली तरी मी कृतार्थ होईन. गुणाढ्याच्या राजाला उशीर झाला. आपल्याला अजून वेळ आहे.